सायकॉलॉजीत रिसर्चचं एमए करायचंय म्हणतेस, तर...

अगं, एमए गणेशखिंडीला पुणे विद्यापीठातून कर नाहीतर एखाद्या कॉलेजातून, खरा फरक पडतो गाईडमुळे, म्हणजे प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांमुळे. प्रवेशाआधी मागच्या बॅचचे प्रबंध चाळून बघ. मैत्रिणींना गूगल फॉर्म पाठवला, कोरिलेशन (दोन गोष्टी एकत्र किती बदलतात ते) काढलं, झालं, असेच सगळे असतील तर दुसरीकडे चौकशी कर.

बीएला पाठ करून काढलेलं स्टॅटिस्टिक्स इथे उघडं पडतं. एसपीएसएस या आकडेमोडीच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या कॉपीच्या नादी लागू नकोस. त्याच कामाची जामोवी आणि जास्प ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ‘आर’ ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा जमली तर सोन्याहून पिवळं.

माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते भाषांतराने. इंग्रजी प्रश्नावलीतल्या एका विधानाचं मी ऐटीत ‘मला खिन्न वाटतं’ केलं. हडपसरला भाजी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “खिन्न म्हंजी काय गं?” ‘कशात मन लागत नाही’ म्हटल्यावर लगेच मान हलली. पण असं वाटेत शब्द बदलून चालत नाही; त्या दिवसाचे फॉर्म बाद झाले. म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून मराठीचं परत इंग्रजी करून घे आणि मुळाशी ताडून बघ, मग पाच-सहा जणांवर चाचणी घे. मूळ लेखकांची परवानगी आणि एथिक्स कमिटीची (सहभागी लोकांना त्रास होणार नाही ना, हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी, दोन्ही आधीच.

तुझ्या अभ्यासात अपेक्षित निकाल ‘आला नाही’ म्हणून रडू नकोस. २०१५ साली सायकॉलॉजीतले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, निकाल आला.

प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेचा अभ्यास मात्र पहिल्याच वर्षी सुरू कर. दुसऱ्या वर्षी फॉर्म गोळा करत फिरण्यातच दिवस जातात.