आमच्या इंग्रजीच्या बाई रिटायर होतायत, निरोपाला काय करावं?

तू लिहिलंयस की तू नववीत आहेस, पुण्यातल्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत, इंग्रजीच्या बाई ३१ मेला रिटायर होतायत, वर्गाने बाराशे रुपये जमवलेत आणि आता भिंतीवरचं घड्याळ घ्यायचं की विठ्ठलाची मूर्ती यावर भांडणं चाललीयत, शिवाय भाषण इंग्रजीत करायचं का मराठीत हे पण ठरत नाहीये. मी २००१ च्या दहावीची, आमची शाळा पण पेठेतलीच, आणि आमच्या इंग्रजीच्या बाईंना आम्ही २०१९ ला निरोप दिला, त्यामुळे काय चुकलं आणि काय जमलं ते सगळंच सांगते.

सगळ्यात आधी तारखेचं बघा. ३१ मेची वाट बघत बसू नका प्लीज. माध्यमिकचे शिक्षक अठ्ठावन्न पूर्ण झाले की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतात, पण जन्मतारीख १ असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि पूर्वी शाळेत नाव घालताना कितीतरी मुलांची तारीख सरळ १ जून लावून टाकायचे, म्हणून दरवर्षी ३१ मेला एवढे शिक्षक रिटायर होतात. आमच्या बाईंचा खरा वाढदिवस श्रावणातला, कागदावर मात्र १ जून. आता मे महिन्यात शाळेत असतं कोण, ऑफिसातले क्लार्क आणि शिपाईकाका. बाई त्या दिवशी येऊन सही करून रिकाम्या व्हरांड्यातून घरी जाणार. म्हणून जे काही करायचं ते वार्षिक परीक्षा सुरू व्हायच्या आधी, वर्ग भरलेला असताना करा.

दुसरं, शाळेच्या कार्यक्रमावर सगळं सोडू नका. आमच्या वेळी शाळेने हॉलमध्ये रीतसर समारंभ ठेवला होता, शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं झालं, बाई स्टेजवर दोन पाहुण्यांच्या मधे बसलेल्या आणि आम्ही तीसेक माजी विद्यार्थी मागच्या खुर्च्यांवर, कोणी नाशिकहून आलेलं, एकजण तर रात्रीची गाडी पकडून नागपूरहून आलेला. पाहुण्यांनी इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध हे वाक्य घेतलं, म्हणजे ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं, ज्यांनी टिळकांबरोबर १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, तिथून ते सुरू झाले ते पाऊण तास थांबलेच नाहीत आणि मग वेळ संपली म्हणून माजी विद्यार्थ्यांचं मनोगत रद्द. मला त्याचा अजून राग येतो. नागपूरहून आलेला माणूस एक शब्द न बोलता परत जाणार होता.

मग आमच्यातल्या एकीने शिपाईकाकांकडे दहावी ब ची किल्ली मागितली. आणि खरा निरोप तिथे झाला.

पण तो कळायला बाई कशा शिकवायच्या ते सांगायला हवं. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे एबीसीडी पाचवीत. आम्ही दहावीत गेलो त्याच जूनमध्ये, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आम्ही त्याच्या अलीकडच्या काठावरचे. घरात कोणाला इंग्रजी येत नाही, गाईडमधून उत्तरं पाठ करायची, भीती तर इतकी की तास सुरू झाला की पोटात गोळा. बाई आम्हाला आठवीला मिळाल्या. कॉटनची साडी, पदर खोचलेला, हातात लाल पेन. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पुस्तक दहा मिनिटं उशिरा उघडायचं, आधी रोज तिघांनी उभं राहून घरापासून शाळेपर्यंत काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं, इंग्रजीत, चुकलं तरी चालेल पण स्वतःचं पाहिजे. एकाने सांगितलं, पीएमटी बस इज स्लीपिंग ॲट स्वारगेट. बस बंद पडली होती हो, त्याला ब्रेकडाउन शब्द माहीत नव्हता. बाईंनी ब्रेकडाउन फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या हा शब्द पेपरात लिही, पण तुझं वाक्य पुसू नकोस, ते छान आहे.

माझा नंबर आला तेव्हा मला काहीच सुचेना, मी म्हटलं, माय फादर ड्राइव्ह रिक्षा. वर्ग हसला. मला अजून कळलेलं नाही की चुकीला हसला का रिक्षाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, बाबा रिक्षा एकटेच चालवतात ना गं? मी म्हटलं हो. मग म्हणाल्या, हे बघ, मी आणि तू आत्ता समोरासमोर आहोत, आपल्याला एकमेकींची सोबत आहे, आपल्या क्रियापदाला काही लागत नाही. पण बाबा तिकडे लांब, एकटे. एकट्याच्या क्रियापदाला सोबत द्यायची, एस ची. ड्राइव्हज. त्या दिवसानंतर दहावी ब मधल्या एकाही पोराचा तो एस चुकला असेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगू, व्याकरणाचा नियम इतक्या मायेने कोणी सांगितलेला मी आजपर्यंत ऐकला नाही.

तर २०१९ ला आम्ही तीस जण त्या वर्गात जाऊन आपापल्या जागांवर बसलो, बाक तेवढेच, आम्ही मोठे झालेलो, गुडघे अडकतायत. नागपूरवाल्याने फळ्यावर इंग्रजीत मोठ्ठं वाक्य लिहिलं, बाई गो होम टुडे. मुद्दाम चुकीचं. मग मी हॉलमधून बाईंना घेऊन आले, अंगावर ती शाल तशीच. बाई दारातून आत आल्या, फळ्याकडे बघितलं, कोणाशी काही न बोलता शाल खुर्चीवर ठेवली, खडू उचलला आणि गो च्या पुढे ईएस लिहिलं. आणि मग तशाच उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ. मागे वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते पण आवाज तोच, कोणी लिहिलंय हे, अठरा वर्षं झाली आणि अजून सोबत द्यायला विसरता?

तीसच्या तीस हात वर झाले.

नंतर एकेकाने उठून फक्त एवढंच सांगितलं की बाईंकडचं काय उरलंय. छान शिकवता, आदर्श आहात असलं काही नाही, नेमकी एक गोष्ट. मी सांगितलं की बाबांची ॲन्जिओप्लास्टी झाली तेव्हा डिस्चार्जचा कागद मी त्यांना ओळ न् ओळ वाचून मराठीत समजावला आणि ते रिक्षास्टँडवर सगळ्यांना सांगत होते की पोरीने वाचला. एकीने सांगितलं ती अजून रोज मुलाला शाळेतून आणताना विचारते आज काय दिसलं, एका वाक्यात सांग. बाई प्रत्येकाचं ऐकून मधेच शब्द दुरुस्त करत होत्या. कोणीतरी वाघिणीच्या दुधाचा विषय काढला तर म्हणाल्या, चिपळूणकरांचा काळ वेगळा होता रे, पण मला तुमची भीती घालवायची होती, मी आपली रोज वरणभातासारखी थोडी थोडी वाढत गेले.

मला वाटतं शिक्षकांना शाळेचा निकाल किती टक्के लागला ते कळतं, पण मुलाच्या पस्तिशीत त्यातलं काय शिल्लक आहे हे त्यांना कधीच कळत नाही. ते कोणीतरी जाऊन सांगावं लागतं. तुम्ही नववीत आहात म्हणजे पस्तिशी लांब आहे, पण तुमच्याकडे पण एकेक गोष्ट असणारच, कुठला शब्द बाईंनी कसा सांगितला, कधी ओरडल्या, कधी पाठीवर हात ठेवला. तेच सांगा.

भाषणाचं विचारलंस तर इंग्रजीतच करा, पण स्वतःचं. मोबाइलवरून उतरवलेलं, रिस्पेक्टेड चीफ गेस्ट वगैरेने सुरू होणारं बाईंनी तीस वर्षं ऐकलंय. पाच वाक्यं पुरेत, कोणाकडून तपासून घेऊ नका, आणि बोलता बोलता गळा भरून आला तर मराठीत या, बाईंची पण मातृभाषा तीच आहे.

आणि ते बाराशे रुपये. घड्याळ नको, मूर्ती पण नको, बाईंकडे आत्तापर्यंत डझनभर घड्याळं झाली असतील. अप्पा बळवंत चौकातून चांगले फुलस्केप कागद आणा, प्रत्येकाने एक पत्र लिहायचं, बाईंनी शिकवलेल्या फॉरमॅटमध्ये, पत्ता, तारीख, डिअर बाई, आणि सगळी एकत्र बाइंड करून घ्या, त्याच भागात बाइंडिंगवाले आहेत, परीक्षेच्या दिवसांत गर्दी असते म्हणून चार दिवस आधी द्या. उरलेल्या पैशांत मंडईतून मोगऱ्याचा गजरा, एप्रिलमध्ये भरपूर मिळतो, आणि लाल रिफिलचं एक पाकीट.

आम्ही पण पत्रंच दिली होती. आमच्यातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाने शेवटी युवर्स ऑबिडियंटली लिहिलं होतं आणि मनापासून लिहिलं होतं. जून संपता संपता बाईंचा मला फोन आला, घरी येऊन जा. गेले तर टेबलावर आमची बाइंड केलेली पत्रं उघडी, पानापानावर लाल शाई, स्पेलिंगला गोल, आर्टिकल राहिलं तिथे बाण, आणि प्रत्येकाच्या खाली दोन ओळी त्याच्यासाठी. माझ्या पत्रात तीन गोल होते. खाली काय लिहिलं होतं ते मी इथे नाही लिहीत, ते माझ्याकडेच राहू दे.

तर पत्रं लिहिताना डावीकडे समास जरा मोठा सोडा, आणि खाली चार ओळींची जागा. आमच्या बऱ्याच जणांनी पान गच्च भरलं होतं, बाईंना कडेकडेने बारीक अक्षरात लिहावं लागलं.