डाळिंबाची फळं तोडली तर माल घटणार नाही का?

दादा, साक्रीकडच्या तुमच्या बागेत झाडाला 150 फळं धरलीत आणि त्यातली जादाची कोवळी तोडायला हात धजत नाही, हे कळतं. पण फळं कमी केली की उरलेली मोठी होतात; एकूण वजन थोडं घटलं तरी पैसा आकाराला मिळतो. प्रतवारी लागली की बारीक माल मातीमोल. रावेर-यावलचे केळीवाले नाही का, घडाच्या खालच्या फण्या मोडून 8-9च ठेवतात!

फळं लिंबाएवढी व्हायच्या आतच विरळणी करा. झुपक्यात एकमेकांना टेकलेली, वाकडी, बारीक काडीच्या टोकाची आधी काढा. टेकलेल्या जागीच पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) लपतो. ओढू नका, कात्रीने देठ कापा. पूर्ण वाढलेल्या झाडावर 60 ते 80 पुरे. किडकी फळं बागेत टाकू नका, बाहेर नेऊन पुरा.