वाचकांचे प्रश्न : गेमिंग पीसी आणि आवाज

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : मुलगा अकरावीत आहे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळतो. शत्रूच्या पावलांची दिशा कळायला ७.१ सराउंडचाच (सात स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक) हेडसेट लागतो, असं त्याचं म्हणणं. बजेट पाच हजार. घ्यावा का?

उत्तर : खोक्यावरच्या ७.१ साठी जादा पैसे मोजू नका. अशा बहुतेक हेडसेटांत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर) असतो, ४० किंवा ५० मिलिमीटरचा. बाकीचं सगळं सॉफ्टवेअर. त्यात गैर काही नाही, कारण कान दोनच. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किती आधी पोचला (हा फरक फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास), किती मोठा पोचला आणि बाहेरच्या कानाच्या वळणांनी त्यात काय बदल केला, यावरून मेंदू दिशा ओळखतो. या गणिताला एचआरटीएफ म्हणतात. गेमला प्रत्येक पावलाची नेमकी जागा ठाऊक असते. हेडसेटच्या सॉफ्टवेअरच्या हाती मात्र चॅनेलांत आधीच वाटून टाकलेला आवाज येतो. म्हणून हे काम गेमलाच करू द्या. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर कॉन्फिगरेशन स्टीरिओ ठेवून एचआरटीएफ चालू करा आणि विंडोजचं स्पेशियल साउंड (Spatial sound) व हेडसेटचं ७.१ बंद करा. एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की पावलं न्हाणीघरात वाजल्यासारखी येतात आणि पुढचं-मागचं कळेनासं होतं. ज्या गेममध्ये अशी सोय नाही, तिथे विंडोजचंच स्पेशियल साउंड, विंडोज सॉनिक, वापरून बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये ते फुकटच असतं.

पाच हजारांत चांगला स्टीरिओ हेडफोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक बसतो. हेडफोन ३२ ओहमच्या (विद्युत रोधाचं माप) आसपासचा घ्या. २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन मदरबोर्डवर दबके वाजतात, त्यांना वेगळा अँप्लिफायर लागतो. ओपन-बॅकमध्ये (मागून उघड्या हेडफोनमध्ये) आवाज जास्त मोकळा वाटतो, पण डोक्यावर पंखा तीनवर असेल तर तोही ऐकू येणार. घरात वर्दळ असेल तर क्लोज्ड-बॅकच बरा. पॅड मात्र कापडी आणि बदलता येणारे बघा. रेक्झिनचे पॅड घामाने वर्ष-दोन वर्षांत सोलतात.

प्रश्न (शनिवार पेठ, सातारा) : घर जुनं आहे. पुढच्या जॅकला हेडफोन लावला की माउस हलवताना चर्रचर्र ऐकू येतं, स्पीकरला सतत घूंऽऽ असतं. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. नवं साउंड कार्ड घेऊ का?

उत्तर : आधी वायरमनला बोलवा. झिणझिण्या म्हणजे बहुधा अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या.

मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ निम्मं आलं किंवा काटा भरकटत राहिला, तर दोष सापडला. कधी एक्स्टेंशन पट्टीची तिसरी पिन मोडलेली असते, कधी अर्थिंगचा खड्डाच कोरडा पडलेला असतो. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत हे हमखास होतं. मीठ-कोळसा आणि पाणी घातलं की सुधारतं. एक इशारा : काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे मुळीच करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील.

अर्थिंग नीट झाल्यावरही चर्रचर्र उरली, तर ती पुढच्या जॅकची. त्याची केबल कॅबिनेटच्या आतून ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि तिथला गोंगाट उचलते. मागच्या हिरव्या पोर्टला लावून बघा. तिथेही येत असेल, तर छोटा यूएसबी डॅक (कॅबिनेटबाहेर राहून हेडफोनला आवाज देणारं उपकरण) घ्या. साउंड कार्ड त्याच कॅबिनेटात बसतं, म्हणून तेही गोंगाट उचलू शकतं.

स्पीकरची घूंऽऽ वेगळी. पीसी आणि स्पीकर एकाच पट्टीवर घ्या. टीव्ही किंवा डिशची केबल पीसीपर्यंत येत असेल तर ती काढून ऐका. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारी घूंऽऽ), मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. फक्त लाइट गेल्यावर घरघर येत असेल, तर दोष स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा.

प्रश्न (मिरज) : दहा बाय बाराच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. २.१ स्पीकर (दोन स्पीकर आणि एक सबवूफर) घेतले, पण स्फोट झाला की नुसता घुमतो, संवाद कळत नाहीत.

उत्तर : सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) कोपऱ्यात असणार. दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. तो कोपऱ्यातून काढून टेबलाच्या पुढच्या बाजूला आणा, बेसचं बटण निम्म्याखाली ठेवा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, बाजू साधारण एक मीटर. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. टेबल बुटकं असेल तर स्पीकरखाली दोन वह्या घालून पुढून उचला. फरशीवर जाड सतरंजी किंवा घोंगडी आणि खिडकीला जाड पडदा लावल्यावर संवाद मोकळे होतील. बेस मात्र त्याने कमी होत नाही, त्याला जागा बदलणं हाच इलाज.

प्रश्न (कराड) : ब्लूटूथ इअरबडवर गोळीचा आवाज उशिरा येतो आणि मित्रांशी बोलायला माइक चालू केला की आवाज टेलिफोनसारखा होतो. शिवाय कॉल सुरू झाला की गेम एकदम हळू ऐकू येतो.

उत्तर : ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद उशीर नेहमीचाच. माइक चालू झाला की बड कॉलच्या मोडमध्ये जातो, म्हणून आवाजाचा दर्जा पडतो. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झ डोंगलचा (यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरचा) हेडसेट घ्या आणि डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो आणि आवाज तुटतो. हातभर एक्स्टेंशन लावून तो टेबलावर आणा.

गेमचा आवाज हळू होतो तो विंडोजमुळे. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडा, कम्युनिकेशन्स टॅबवर जा आणि ८० टक्के कमी करण्याऐवजी 'डू नथिंग' निवडा.