कोशावर चार ओळी लिहिताना

कोशावरचा तुझा अभिप्राय वाचला. ‘माहितीपूर्ण, संग्राह्य’ एवढ्यावर थांबू नकोस. ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतं. कोश कुणी सलग वाचत नाही, त्याला प्रश्न विचारायचे. मराठी कोश हाती आला की मी आधी ‘अडकित्ता’ काढतो. कानडी मूळ दिलंय का? बेळगावच्या बाजारात ‘सुपारी’ आणि तिचं कानडी नाव ‘अडिके’ एकाच दुकानात ऐकत वाढलेल्या आपल्याला ही कसोटी सहज सुचते, ती वापर. आवृत्तीचं साल लिहायलाच हवं: मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी सुधारून वाढवलेली १८५७ची. कोशाऐवजी चरित्रावर लिहायचं असेल तर शेवटची सूची बघ. रविवारी येताना तुझा कोश घेऊन ये, ‘अडकित्ता’ मिळून शोधू.