विंडोजचा कोणता अपडेट बसलाय, हे कसं ओळखायचं

आधी कीबोर्डवर विंडोज आणि आर एकत्र दाबून 'विनव्हर' (winver) टाइप कर आणि एंटर दाब. छोट्या खिडकीत 23एच2 किंवा 24एच2 अशी आवृत्ती दिसेल आणि पुढे 22631.4317 असा बिल्ड नंबर, म्हणजे त्या आवृत्तीची नेमकी घडण सांगणारा आकडा. आवृत्ती बदलते ती फीचर अपडेटने, म्हणजे विंडोजच्या मोठ्या अपडेटने. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या क्युम्युलेटिव्ह (मागचं सगळं एकत्र घेऊन येणाऱ्या) अपडेटने सहसा टिंबानंतरचा आकडाच वाढतो, म्हणून आधी तोच बघायचा.

नवशिके इथेच गोंधळतात: एखादा जुना केबी नंबर (मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटला देतं तो क्रमांक) बसलेल्या अपडेटच्या यादीत शोधतात, सापडला नाही की तो हाताने डाउनलोड करून बसवायला जातात. मग 'हा अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' असा संदेश येतो. क्युम्युलेटिव्हमध्ये मागचे सगळे दुरुस्ती-भाग असतातच. बिल्ड पुढचा असेल तर जुना केबी शोधूच नकोस.

सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी इथे फीचर, क्वालिटी (महिन्याचे क्युम्युलेटिव्ह यातच), ड्रायव्हर आणि डेफिनिशन (व्हायरस ओळखायची माहिती) असे अपडेट वेगवेगळे दिसतात. डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसचा, केबी2267602 पुन्हा पुन्हा दिसला तर घाबरू नकोस. नंबर तोच राहतो, फक्त आतली व्हर्जन बदलते. डॉट नेटचा (अनेक प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मायक्रोसॉफ्टच्या भागाचा) क्युम्युलेटिव्ह मात्र वेगळा येतो, विंडोजच्या बिल्डवरून तो कळत नाही.

पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'गेट-हॉटफिक्स' (Get-HotFix) चालवलंस तर तारखेसह यादी मिळते, पण त्यात ड्रायव्हर आणि डेफिनिशन नसतात. तेवढ्यावर विसंबू नये. हिस्टरीत 'फेल्ड' (बसला नाही) दिसलं तर त्याच केबीची नंतरची यशस्वी नोंद आहे का ते बघ, बऱ्याचदा असते. नसेल तर शेजारचा 0एक्सने सुरू होणारा एरर कोड पूर्ण लिहून घे.