२००० च्या आसपासच्या सिनेमा-मालिकांचा प्रभाव अजून खरंच आहे, की हा नुसता नॉस्टॅल्जिया?

तुमचा प्रश्न असा की १९९८ ते २००३ च्या दरम्यानची गाणी, सिनेमे, मालिका अजून जिथे-तिथे दिसतात, तर त्यांचा खरंच काही प्रभाव उरलाय, की चाळिशीतली मंडळी आपलं तारुण्य उगाळत बसलीत?

मी सांगलीत लग्नाचं शूटिंग करतो, व्हीएचएस कॅसेटच्या जमान्यापासून. त्यामुळे माझं उत्तर मांडवातलंच असणार. नॉस्टॅल्जिया आहेच, पण थोडा. त्या चार-पाच वर्षांनी आमच्याकडच्या लग्नाचा कार्यक्रमच बदलला, आणि तो बदल आज अशी पोरं-पोरी पाळतात, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांना कसला आलाय नॉस्टॅल्जिया?

हळदीचंच घ्या. मी धंद्यात आलो तेव्हा शूटिंगवाल्याच्या लेखी हळद म्हणजे बिनकामाचा कार्यक्रम. परड्यात पाट मांडायचा, नवरदेवाला जुना बनियन आणि पंचा, पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानानं हळद लावायची, उरलेली उष्टी हळद वाटीतून नवरीकडे धाडायची. सन गन, म्हणजे शूटिंगचा तो प्रखर दिवा, पेटवली की आत्याबाई ओरडायच्या, "बंद कर रं ते, आधीच उकडून निघालोय!" थोडीशी कॅसेट खर्ची घालून आम्ही चहाला मोकळे. आता हळदीचं पॅकेज वेगळं. मागे झेंडूच्या माळांचा पडदा, घरातल्या झाडून सगळ्यांना पिवळे कपडे, नवरीला फुलांचे दागिने, आणि हळद कमी, पाकळ्यांची उधळण जास्त. बस्त्याच्या यादीत पूर्वी मानपानाच्या साड्या असायच्या, त्यात आता हळदीचे पिवळे कुडते आणि संगीताचा घागरा आला. कापडपेठेतल्या दुकानदाराला विचारा, तो आनंदानं सांगेल.

हे आलं कुठून? सुरुवात १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'नं केली. जोडे पळवायचा खेळ आपल्याकडे तिथूनच घरोघरी गेला. आपल्याकडे कानपिळी होती, नवरीचा भाऊ कान पिळून आपला मान वसूल करायचा. आता दोन्ही होतं, नवरदेवाचा कानही जातो आणि जोडेही. मग १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया', १९९८ चा 'कुछ कुछ होता है', २००१ च्या डिसेंबरातला 'कभी खुशी कभी गम'. चोप्रा-जोहरांची घरं पंजाबी, आणि परदेशातला प्रेक्षक तिकिटाला डॉलर-पौंड मोजायला लागलेला, म्हणून पडद्यावरचं लग्न पंजाबी थाटाचं झालं. संगीत आणि मेहंदीची रात्र आपण त्यांच्याकडून उचलली.

पण नुसत्या सिनेमानं एवढं झालं नसतं, असं मला वाटतं. थेटरात माणूस एकदा जातो, फार तर दोनदा. घट्ट रुजवलं ते केबलनं. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच रात्री सुरू झाले. सिनेमात संगीत एका गाण्यात उरकतं. या मालिकांत एकेका लग्नाला आठवडेच्या आठवडे लागायचे. मेहंदीचा भाग निराळा, हळदीचा निराळा, ताट कसं सजवायचं, टिकली कोणती, जाऊबाईंनी कुठं उभं राहायचं, सगळं सावकाश दाखवायचे. आमच्या बायकांचा तो रोजचा क्लासच होता म्हणा ना. वर घरात टीव्ही एकच, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांची हजेरी. सगळंच मात्र रुजलं नाही. करवा चौथ पुष्कळ दाखवला, पण आमच्याकडे वटपौर्णिमेनं काही जागा सोडली नाही.

मराठीत १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी चॅनल सुरू झालं, त्यावर 'आभाळमाया' ही मालिका आली. त्यातली नोकरी करणारी, घर पेलणारी बाई आमच्या घरांना जास्त जवळची होती. लग्नाच्या विधींवर तिचा काही परिणाम झाला नाही. शीर्षकगीत मात्र आजही एखादी काकू कामात असताना गुणगुणते.

करोडपतीचं तर विचारूच नका. हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला तेव्हा यूपीएससीचा अभ्यास करणारा मराठी मुलगा म्हणून आमच्याकडे जणू घरचंच कुणीतरी जिंकलं होतं. आता संगीताच्या रात्री निवेदक हमखास तो खेळ घेतो. नवरदेवाला खुर्चीत बसवायचं, ती धडकी भरवणारी धून लावायची, आणि विचारायचं, "नवरीला पहिल्या भेटीत काय आवडलं नव्हतं?" चार पर्याय, मित्रांना लाइफलाइन, आणि मागून सगळी पब्लिक "लॉक किया जाए!" त्यात ओरडणारी निम्मी पोरं २००० नंतर जन्मलेली असतात.

गाण्यांचं कारण अगदी व्यवहारी आहे. संगीतात मावश्या, मामेभावंडं, कॉलेजचे मित्र एका स्टेजवर आणायचे तर सगळ्यांना पाठ असलेलं गाणं लागतं. नवरीच्या मोबाइलमधली आवडती गाणी तिच्या आत्याला माहीत नसतात आणि आत्याची तिला. कोरिओग्राफर मग 'बोले चूडियां'वर येऊन थांबतो, कारण ते एकाच वेळी आत्यालाही येतं आणि भाचीलाही. याचा मला ताप निराळाच. तसली गाणी घातलेली फिल्म यूट्यूबवर टाकली की कॉपीराइटचा दावा येतो. म्हणून दोन प्रती काढतो, घरच्यांना पेन ड्राइव्हवर हिंदी गाण्यांची आणि नेटसाठी विकत घेतलेल्या संगीताची. व्हीएचएसच्या काळात कॅसेट कपाटातून बाहेरच पडायची नाही, कोण दावा करतंय!

प्री-वेडिंगला साताऱ्याकडे जायचं ठरलं की वाईजवळच्या मेणवलीचा घाट निघतोच. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आधीपासून होताच, पण पोरांना तो ठाऊक असतो 'स्वदेस'मुळे. २००४ च्या त्या सिनेमाचं शूटिंग तिथं झालं होतं. शाहरुख जिथं वावरला त्या पायऱ्यांवर नऊवारीतली नवरी बसवून मी फोटो काढतो. तक्रार नाही, जागा देखणीच आहे.

त्या काळातलं बरंच वाहूनही गेलं. इंडिपॉपचे अल्बम, जेल लावून उभे केलेले केस, रीमिक्सचे व्हिडिओ, यांची आज कुणी मागणी करत नाही. 'हेरा फेरी'तला बाबूराव व्हॉट्सॲपवर जिवंत आहे, पण लग्नात त्याचं काम नाही.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी होतं की आजची गाणी पंचवीस वर्षांनी अशीच वाजतील का. प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा असताना अवघड वाटतं. पण २०१६ ला 'सैराट' आला, आणि त्यातलं 'झिंगाट' लागलं की पंगतीत बसलेली मंडळीही अर्ध्या जिलेबीवरून उठतात, डॉल्बीवाल्याला आवाज वाढवायला सांगावं लागत नाही. तेव्हा मोबाइल घरोघरी होतेच. म्हणून जमणारच नाही असं मी म्हणणार नाही, पण मला तरी त्यानंतर तसं दुसरं गाणं अजून मिळालेलं नाही.