घरी चालतो, सेंटरवर पळतो

प्रश्न : युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतोय. घरच्या जुन्या पीसीवर हिरो नीट चालतो, दारव्ह्याच्या कॉम्प्युटर सेंटरवर मात्र सुसाट पळतो. काय चुकतंय? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही अपडेटमध्ये (दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला एकदा चालणारं फंक्शन) हिरोला दर फ्रेमला ०.१ युनिट सरकवत असाल. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) सेकंदाला ३ युनिट होतात, वेगवान पीसीवर १४४ला १४.४! वेग ३ ठेवा आणि टाइम डॉट डेल्टाटाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेले सेकंद) गुणा.

रिजिडबॉडीला (फिजिक्सने हलणाऱ्या वस्तूला) सतत द्यायचा फोर्स फिक्स्डअपडेटमध्ये. ते डिफॉल्टने दर ०.०२ सेकंदाला चालतं, तिथे फोर्सला पुन्हा डेल्टाटाइमने गुणू नका. उडीचं बटण मात्र अपडेटमध्येच तपासा, नाहीतर एखादा दाब निसटतो आणि हिरो उडतच नाही. हा दोष शोधताना फार डोकं खातो.

चाचणी घरीच होते : व्हीसिंक काउंट (फ्रेम स्क्रीनच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) शून्य करा, टार्गेट फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम हव्यात) आधी १५, मग ३० ठेवा आणि दोन्हीत तेवढ्याच वेळात अंतर सारखंच कापलं जातं का पाहा.